हक्कांचा उच्चार आणि दाद मागण्याची वाट : आसियानच्या मानवी हक्क जाहीरनाम्याची चिकित्सा

मानवी हक्कांच्या कोणत्याही दस्तऐवजाची परीक्षा करताना दोन प्रश्न विचारावे लागतात. त्यात कोणते हक्क मान्य केले आहेत, हा पहिला. ते हक्क डावलले गेल्यास पीडित माणसाने कोणाच्या दारी जावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक दस्तऐवज विस्ताराने देतात. दुसऱ्या प्रश्नाशी आले की त्यांची भाषा संकोचते. आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेने, म्हणजे आसियानने, १८ नोव्हेंबर २०१२ रोजी नॉम पेन्ह येथे संमत केलेल्या मानवी हक्क जाहीरनाम्याची या दोन प्रश्नांच्या आधारे चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. थायलंड, म्यानमार, कंबोडिया व लाओस ही चारही बौद्धबहुल राष्ट्रे या संघटनेची सदस्य आहेत. त्या देशांतील स्तूप, विहार आणि पाली परंपरा यांविषयी आपल्या नियतकालिकांतून आदराने लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या देशांतील सामान्य माणसाला आपल्या शासनाविरुद्ध न्याय मागता येतो काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. धम्माचा वारसा सांगणाऱ्या राष्ट्रांना हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांना आहे. बौद्धांचे तर ते कर्तव्यच आहे.

संघटनेचा स्वभाव

आसियानची स्थापना ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉक येथे झाली. इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपाईन्स, सिंगापूर व थायलंड ही पाच संस्थापक राष्ट्रे. स्थापनेच्या घोषणेत आर्थिक वाढ, सामाजिक प्रगती आणि प्रादेशिक शांतता ही उद्दिष्टे होती. न्याय व कायद्याचे राज्य यांचा उल्लेख होता, मानवी हक्कांचा नव्हता. पुढे ब्रुनेई, व्हिएतनाम, लाओस, म्यानमार व कंबोडिया यांचा प्रवेश झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्व तिमोर हे अकरावे सदस्य राष्ट्र झाले.

परस्परांच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप करावयाचा नाही, हे या संघटनेचे मूलतत्त्व आहे. १९७६ च्या बाली येथील मैत्री कराराने त्याला कायद्याचे रूप दिले. या तत्त्वामागे काही अनुभव आहे, हे मान्य केले पाहिजे. थायलंडचा अपवाद सोडला तर ही सर्व राष्ट्रे परकीय सत्तेखाली भरडली गेली होती. नव्याने मिळालेले सार्वभौमत्व जपण्याची त्यांची ओढ समजण्यासारखी आहे. प्रश्न एवढाच की, हे सार्वभौमत्व कोणाचे ? देशातील माणसांचे की त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांचे ?

कंबोडियाच्या बाबतीत हा प्रश्न फार लवकर उभा राहिला. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने विहार बंद पाडले, भिक्खूंची चीवरे उतरवली आणि लाखो माणसे उपासमारीने व छळाने मारली. व्हिएतनामच्या सैन्याने ती राजवट उलथविली, तेव्हा आसियान राष्ट्रांनी सार्वभौमत्वाच्या भंगाचा निषेध केला आणि संयुक्त राष्ट्रसंघातील कंबोडियाचे आसन पदच्युत राजवटीकडेच राहावे यासाठी जोर लावला. पुढे १९८२ मध्ये बनलेल्या आघाडी सरकारात ख्मेर रूज हा एक घटक होता आणि त्या सरकारलाही आसियानचे पाठबळ होते. व्हिएतनामच्या लष्करी वर्चस्वाची भीती खरी असेल, परंतु मारल्या गेलेल्या माणसांच्या बाजूने या संघटनेजवळ बोलण्यासारखे काहीच नव्हते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. त्याच देशाच्या राजधानीत पुढे मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत व्हावा, हा इतिहासाचा विलक्षण योग म्हणावा लागेल.

जाहीरनाम्याचा पाठ

या जाहीरनाम्यात चाळीस कलमे आहेत. त्यात काहीच चांगले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागरी व राजकीय हक्कांबरोबर आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांनाही त्यात स्थान आहे. सुरक्षित पिण्याचे पाणी व स्वच्छतेच्या सोयी, निर्मळ पर्यावरण, विकासाचा हक्क आणि शांततेचा हक्क यांचा स्पष्ट निर्देश आहे. १९४८ च्या सार्वत्रिक जाहीरनाम्यात नसलेल्या या गोष्टी आहेत. ज्या समाजाला पाण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाला पाण्याच्या हक्काचे मोल वेगळे सांगावयास नको.

तथापि या हक्कांच्या आधी जी सर्वसाधारण तत्त्वे घातली आहेत, त्यांकडे बारकाईने पाहिले पाहिजे. सहावे कलम सांगते की, हक्कांचा उपभोग आणि कर्तव्यांचे पालन यांचा समतोल राखला पाहिजे. सातवे कलम सर्व मानवी हक्क सार्वत्रिक व अविभाज्य असल्याचे मान्य करते आणि लगेच त्यांची अंमलबजावणी प्रादेशिक व राष्ट्रीय संदर्भात, निरनिराळी राजकीय, सांस्कृतिक, ऐतिहासिक व धार्मिक पार्श्वभूमी ध्यानात घेऊन विचारात घ्यावी, अशी पुस्ती जोडते. आठवे कलम राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सार्वजनिक नीतिमत्ता इत्यादी कारणांसाठी हक्कांवर मर्यादा घालण्यास मुभा देते आणि ही मुभा एखाद्या विशिष्ट हक्कापुरती न ठेवता सर्वांनाच लागू करते. नवव्या कलमात संघर्ष टाळण्याचा उपदेश आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तत्कालीन मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्ले यांनी या भाषेवर उघड आक्षेप घेतला होता, तो अनाठायी नव्हता.

कर्तव्यांचा मुद्दा विशेष विचार करण्यासारखा आहे, कारण वरवर पाहता तो बौद्ध विचाराशी जुळणारा वाटतो. सिगालोवाद सुत्तात कर्तव्यांचा विचार आहेच. परंतु तेथे प्रत्येक नात्यात कर्तव्ये दोन्ही बाजूंना वाटून दिलेली आहेत. सेवकाने मालकासाठी पाच गोष्टी कराव्यात, तर मालकानेही सेवकासाठी पाच गोष्टी कराव्यात. जाहीरनाम्यात तसे नाही. तेथे माणसाचा हक्क त्याच्या कर्तव्याशी बांधला आहे. हक्कांच्या रक्षणाची प्राथमिक जबाबदारी राज्यांची आहे असे त्याच कलमात म्हटले आहे खरे, परंतु ती जबाबदारी राज्याने पार पाडली नाही तर त्याने कोणाला उत्तर द्यावयाचे, हे सांगितलेले नाही. ज्या समाजव्यवस्थेने काही माणसांच्या वाट्याला केवळ कर्तव्ये आणि काहींच्या वाट्याला केवळ हक्क दिले, तिचा अनुभव घेतलेल्यांना या भाषेतील धोका तात्काळ ओळखता येतो. जन्मतः प्राप्त होणारा हक्क वर्तनाच्या अटीवर टांगला की तो हक्क राहत नाही, ती मेहेरबानी होते.

गाळलेले शब्दही बोलके आहेत. विचार, सदसद्विवेक व धर्म यांच्या स्वातंत्र्याचे कलम बाविसावे आहे. त्यात स्वातंत्र्य मान्य केले आहे आणि धर्मावर आधारलेली असहिष्णुता नाहीशी करावी असेही म्हटले आहे. परंतु सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमात असलेले धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य येथे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ चे स्मरण ज्यांच्या जीवनाचा भाग आहे, त्यांना हे गाळणे किरकोळ वाटणार नाही. जन्माने मिळालेला धर्म टाकून विवेकाने स्वीकारलेला धर्म जगण्याची मोकळीक नसेल, तर धर्मस्वातंत्र्य म्हणजे प्रत्येकाने आपापल्या कुंपणात सुखाने राहावे, एवढेच उरते. त्याचप्रमाणे कामगार संघटना स्थापन करण्याचा हक्क सांगितला आहे, परंतु संघटनास्वातंत्र्याचे सर्वसाधारण कलम नाही. राष्ट्रीयत्वाचा हक्क 'कायद्यात विहित केल्याप्रमाणे' आहे. आश्रय मागण्याचा हक्कही आश्रय देणाऱ्या राज्याच्या कायद्यांना अनुसरून आहे.

शेवटच्या दोन कलमांचा अर्थ रोहिंग्यांच्या स्थितीकडे पाहिले म्हणजे उमगतो. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना मान्यताप्राप्त वांशिक गटांतून वगळले आणि त्यांपैकी बहुसंख्यांना राष्ट्रहीन केले. म्हणजे ज्या कायद्याने राष्ट्रीयत्व नाकारले, त्याच कायद्याच्या हाती जाहीरनाम्याने राष्ट्रीयत्वाची किल्ली दिली. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले, तेव्हा या जाहीरनाम्याला पाच वर्षे होत आली होती.

आयोग आहे, तक्रारीचे दार नाही

आसियानची सनद २० नोव्हेंबर २००७ रोजी सिंगापूर येथे स्वाक्षरित झाली. तिच्या चौदाव्या कलमात मानवी हक्कविषयक संस्था स्थापन करण्याचे वचन होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्यानमारचे भिक्खू रस्त्यावर उतरले होते आणि लष्कराने त्यांच्यावर हत्यार चालविले होते. आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या वेळी तीव्र शब्दांत घृणा व्यक्त केली, हे नमूद केले पाहिजे. परंतु सिंगापूरच्या बैठकीत संयुक्त राष्ट्रसंघाचे दूत इब्राहिम गंबारी म्यानमारच्या परिस्थितीचे निवेदन करणार होते, ते म्यानमारच्या विरोधामुळे रद्द करण्यात आले. मानवी हक्कांचे कलम ज्या बैठकीत स्वाक्षरित झाले, त्याच बैठकीत मार खाल्लेल्या भिक्खूंची हकीगत ऐकून घेण्यात आली नाही.

चौदाव्या कलमानुसार २३ ऑक्टोबर २००९ रोजी आंतरशासकीय मानवी हक्क आयोग अस्तित्वात आला. त्याचे प्रतिनिधी सदस्य राष्ट्रांची शासने नेमतात आणि इच्छेस येईल तेव्हा बदलू शकतात. निर्णय सहमतीने होतात, म्हणजे ज्या शासनाविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याचा प्रतिनिधी नको म्हणाला की विषय संपला. व्यक्तीची तक्रार स्वीकारून तिचा निवाडा करण्याचा अधिकार आयोगाच्या कार्यकक्षेत दिलेला नाही. परिसंवाद, अभ्यास, प्रशिक्षण ही कामे तो करतो आणि त्यांचा काही उपयोग नाही असे नाही. परंतु दुखणे सांगावयास आलेल्या माणसाला आरोग्यावरील पुस्तिका देऊन परत पाठवावे, तशी ही व्यवस्था आहे.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेले शासन उलथविले. २४ एप्रिल २०२१ रोजी जकार्ता येथे पाच कलमी सहमती झाली. तिचे पालन न झाल्याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधील शिखर परिषदेपासून लष्करप्रमुखाला दूर ठेवण्यात आले. या संघटनेच्या मानाने हे पाऊल धीटच होते. परंतु रिकाम्या खुर्चीने कोणाचीही सुटका होत नाही. रोहिंग्यांच्या वंशसंहाराचा दावा नोव्हेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला, तो शेजारच्या एकाही आसियान राष्ट्राने नव्हे, तर पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या चिमुकल्या देशाने.

पश्चिम आफ्रिकेतील एक दार

गांबिया ज्या प्रादेशिक संघटनेचा सदस्य आहे, तिचा अनुभव येथे तुलनेसाठी घेणे उचित ठरेल. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांचा आर्थिक समुदाय, म्हणजे इकोवास, हा १९७५ च्या लागोस करारातून जन्मला. नावाप्रमाणेच तो व्यापार व आर्थिक सहकार्य यांसाठी होता. त्याचे न्यायालय २००१ पासून अस्तित्वात आले, परंतु प्रारंभी व्यक्तीला तेथे प्रवेश नव्हता. सीमा बंद केल्यामुळे नुकसान झालेल्या एका नायजेरियन व्यापाऱ्याने आपल्याच शासनाविरुद्ध दावा लावला, तो २००४ मध्ये याच कारणाने फेटाळला गेला. त्यातून सुधारणेची मागणी बळावली आणि २००५ च्या पूरक करारान्वये व्यक्तीला मानवी हक्कभंगाविरुद्ध थेट या न्यायालयात जाण्याचा अधिकार मिळाला. आधी देशातील सर्व न्यायालये पालथी घातली पाहिजेत, अशी अटही ठेवलेली नाही.

या दाराचा उपयोग कोणाला झाला ? नायजर देशातील हदिजातू मानी या स्त्रीला १९९६ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी विकण्यात आले. सुमारे नऊ वर्षे तिने मालकाच्या घरी व शेतावर राबून काढली, त्याचा अत्याचार सोसला. २००५ मध्ये सुटकेचा दाखला मिळाल्यावर मालकाने ती आपली पत्नी असल्याचा दावा केला. तिने स्वतःच्या इच्छेने दुसरा विवाह केला, तेव्हा स्वदेशीच्या न्यायालयाने पहिला पती असताना दुसरा केल्याच्या गुन्ह्याखाली तिलाच सहा महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. नायजरच्या कायद्याने २००३ मध्येच गुलामगिरीला गुन्हा ठरविले होते. कायदा होता आणि तरीही दासी ती दासीच होती. अखेर इकोवासच्या न्यायालयाने नायजरच्या राजधानीत येऊन सुनावणी केली आणि २७ ऑक्टोबर २००८ रोजी, तिला गुलामगिरीपासून संरक्षण न दिल्याबद्दल नायजर राज्य जबाबदार असल्याचे ठरवून एक कोटी सीएफए फ्रँक भरपाई देवविली.

'आमचा प्रदेश गरीब आहे, आमची परंपरा निराळी आहे, आमची संघटना मुळात आर्थिक आहे,' ही जी कारणे आग्नेय आशियात सांगितली जातात, ती या एका निकालापुढे टिकत नाहीत. नायजर हा जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक आहे. तेथील दास्यप्रथेलाही परंपरेचाच आधार सांगितला जात होता. परंपरेचे नाव नेहमी ती लादणारा घेतो. जिच्यावर ती लादली गेली, तिला विचारले तर उत्तर निराळे येते. परंतु त्यासाठी तिला बोलावयास जागा हवी.

दार बंदही होते

अशी वाट एकदा उघडली की कायमची उघडी राहते, असा मात्र समज करून घेऊ नये. दक्षिण आफ्रिका खंडभागातील राष्ट्रांच्या विकास समुदायाचे न्यायाधिकरण विंडहोक येथे होते. झिंबाब्वेतील गोऱ्या शेतमालकांच्या जमिनी मोबदल्यावाचून व सुनावणीवाचून घेतल्याबद्दल त्याने नोव्हेंबर २००८ मध्ये त्या शासनाविरुद्ध निकाल दिला. वसाहतकाळात काळ्या जनतेच्या जमिनी लुबाडल्या गेल्या होत्या आणि त्यांच्या न्याय्य फेरवाटपाची मागणी सर्वस्वी रास्त होती, याविषयी दुमत असू नये. परंतु त्या निकालावर संतापून सदस्य राष्ट्रांनी २०१० मध्ये न्यायाधिकरणच स्थगित केले आणि पुढे केवळ राष्ट्राराष्ट्रांतील वादांपुरते ते ठेवण्याचे ठरविले. तोटा काही शेतमालकांचा झालाच, परंतु त्याहून मोठा तोटा त्या प्रदेशातील भूमिहीन, मजूर आणि निर्वासित यांचा झाला. त्यांना पुढे कधी तेथे जावेसे वाटले असते, तर ती वाट आता नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये या निर्णयातील आपल्या राष्ट्राध्यक्षांचा सहभाग बेकायदेशीर ठरविला, हे त्यातल्या त्यात समाधान.

इकोवासमध्येही गांबियाच्या तत्कालीन शासनाने २००९ मध्ये न्यायालयाचे अधिकार छाटण्याचा प्रयत्न केला होता. तो सफल झाला नाही. परंतु न्यायालयाचे अनेक निर्णय शासने अमलात आणत नाहीत. शिवाय बुर्किना फासो, माली व नायजर ही तीन लष्करशासित राष्ट्रे २९ जानेवारी २०२५ रोजी समुदायातून औपचारिकरीत्या बाहेर पडली. ज्या नायजरमधून हदिजातू मानी या न्यायालयापर्यंत पोहोचली, तेथे उद्या घडणाऱ्या अन्यायाविरुद्ध दुसऱ्या एखाद्या स्त्रीला आता ती वाट उरलेली नाही.

आपल्या प्रदेशाचे काय ?

आसियानवर टीका करताना आपल्या अंगणाकडे पाठ फिरविता येणार नाही. डिसेंबर १९८५ मध्ये ढाका येथे स्थापन झालेल्या सार्कच्या सनदेचे दहावे कलम सर्व निर्णय एकमताने व्हावेत आणि द्विपक्षीय व वादग्रस्त विषय चर्चेतून वगळावेत, असे सांगते. २००४ मध्ये सार्कने सामाजिक सनद स्वीकारली, परंतु मानवी हक्कांसाठी आयोग वा न्यायालय या संघटनेजवळ नाही. नोव्हेंबर २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर तिची शिखर परिषदही भरलेली नाही. जन्मावर आधारलेला भेदभाव भारत, नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका या सर्व देशांत कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. सीमा ओलांडून पसरलेल्या या व्याधीचा प्रादेशिक पातळीवर विचार करण्याची सोय मात्र कोठेच नाही. आसियानजवळ निदान एक सदोष जाहीरनामा आहे. दक्षिण आशियाजवळ तोही नाही.

९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा व हृदय मानले, तो समतेचा वा स्वातंत्र्याचा अनुच्छेद नव्हता. मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा तो हक्क होता, म्हणजे आजचा अनुच्छेद ३२. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रसंघाने सार्वत्रिक जाहीरनामा संमत केला. एका दिवसाच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. एकीने हक्कांचा उच्चार केला, दुसरीने त्या उच्चाराला अर्थ येण्याची अट सांगितली.

आसियानचा जाहीरनामा याच अटीवर उणा पडतो. तो सुधारावयाचा असेल तर नवे सुंदर कलम जोडण्याची निकड नाही. आयोगाचे प्रतिनिधी शासनापासून स्वतंत्र असावेत, संबंधित राष्ट्राची संमती नसली तरी चौकशी व्हावी आणि व्यक्तीची तक्रार स्वीकारली जावी, या तीन गोष्टी प्रथम हव्यात. धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य आणि संघटनास्वातंत्र्य हे गाळलेले शब्द त्यानंतर परत आले पाहिजेत. बौद्धबहुल चार राष्ट्रांनी यात पुढाकार घेतला, तर ती धम्माच्या नावाची खरी बूज राखणे ठरेल. ती राष्ट्रे तसे करीत नाहीत तोवर तेथील विहारांचे आणि स्तूपांचे कौतुक करतानाही हा प्रश्न आपण विचारीत राहिले पाहिजे.